गफूरभाईंच्या घोडीची पाठ

काकू, गफूरभाई, स्टँडवरचे सगळे तांगेवाले आणि निलंग्याची मंडळी,

बसप्पा अण्णा लिंगैक्य झाले, त्याला आज पाच दिवस झाले. या पत्र्याच्या शेडमध्ये इतकी माणसं मी पहिल्यांदाच पाहते आहे. मला सभेत बोलायची सवय नाही. मी जनावर तपासते, कागद लिहिते, हात धुते. त्यात बोलणं फारसं लागत नाही. आज मात्र बोलायलाच हवं. एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, आणि ती अण्णा असतानाच करायला हवी होती.

गफूरभाईंची घोडी मी वाचवली, असं तुम्ही म्हणता. आत्ता माझं नाव पुकारतानाही तसंच सांगितलं गेलं. ते खरं नाही. घोडी अण्णांनी वाचवली. मी तिला कामातून काढली होती.

लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या जागा निघाल्या, त्यातली एक मला मिळाली. मी आले तो उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. विहिरी तळाला गेल्या होत्या. तांग्याला सवारी मिळेना, म्हणून गफूरभाई पाणी आणायचे. दोन मैलांवरची मळ्यातली विहीर, दोन पिंपं, दिवसाला चार खेपा. त्यांची सगळी गल्ली त्या पाण्यावर होती.

घोडीच्या पाठीवर खोगिराखाली जखम झाली. मी साफ केली, मलम दिलं. आठ दिवसांनी जखम वाढलेली. मग मी साज तपासला. पोटाच्या तंगाखाली दोन बोटं जात होती. छातीपट्टा गळ्याला दाबत नव्हता. शेपटीखालची दुमची ढिली नव्हती, ताठही नव्हती. तांग्याची दांडी दोन बोटांनी उचलली जात होती, म्हणजे पाठीवर भार नाही. पुस्तकात आहे तसंच सगळं. तिसऱ्या वेळी जखम खोल गेलेली पाहिली आणि कागदावर लिहिलं, कामास अयोग्य.

गफूरभाई म्हणाले, "बाई, मलम तर रोज लावून राहिलो. आता गल्लीला पाणी मी माझ्या पाठीवर आणू का?"

मी म्हणाले, जुंपली तर मरेल. 

त्या दुपारी अण्णा दवाखान्यात आले. चाळीस वर्षं तांगा हाकलेला माणूस. गुडघे गेल्यावर स्टँडवर बसून सगळ्यांचे साज बसवून द्यायचे. माझा कागद त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. विचारलं, "बाई, घोडी बघितली, साज बघितला. पानी कवा बघितलं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"गफूर तुमच्याकडं रिकामा तांगा घेऊन येतो. रिकाम्या तांग्यानं आजवर कुनाची पाठ कापलीय का? चला हिरीवर."

गेलो. घोडीला विश्रांती होती, म्हणून अण्णांनी गफूरभाईंच्या तांग्याला दुसऱ्याचं तट्टू जुंपलं. गफूरभाईंनी पिंपं भरली आणि नेहमीसारखी पुढे, आपल्या पाठीशी ठेवली. मागून घरंगळू नयेत म्हणून. अण्णा म्हणाले, "आता उचला दांडी."

दोन बोटांनी नाही, दोन्ही हातांनीही उचलेना.

तांगा सवारीसाठी बांधलेला असतो. माणसं मागे बसतात, हाकणारा पुढे, तोल चाकावर राहतो. इथे सगळं पाणी पुढे. म्हणजे दांड्यांवर. म्हणजे घोडीच्या पाठीवर. त्यात ती दुष्काळात वाळलेली, खोगीर तिच्या कण्याला टेकलेलं. आणि पिंपं काठोकाठ भरलेली नसायची. उतारावर पाणी पुढे धावायचं आणि दर वेळी तिच्या पाठीत हाणायचं.

अण्णा हसले. "कालेजात तांगा न्हवता वाटतं?"

मी म्हणाले, "होता. रिकामा होता."

"हाव, मंग बरोबर हाय. त्या कालेजाला दुष्काळ न्हाई पडला."

मग अण्णांनी पिंपं मागे, चाकाच्या आसावर घेतली. दोराने आवळली, काठोकाठ भरून तोंडं बांधली. दांडी पुन्हा दोन बोटांवर आली. खोगिराखाली दोन्ही बाजूंना जाड गाद्या शिवल्या, मधे कण्याला मोकळी वाट ठेवली. घोडी दीड महिना उभी राहिली. तेवढे दिवस स्टँडवरच्या प्रत्येकाने पाळीपाळीने आपलं घोडं गफूरभाईंना दिलं. तेही अण्णांनीच ठरवलं. नाही म्हणायची तुमच्यातल्या कुणाची टाप होती का?

आणि कुणी विचारलं की अण्णा सांगायचे, "बाईनं सांगितलं तसं केलं."

मी तिथेच उभी असायचे. मी एकदाही म्हणाले नाही की, नाही, असं झालं नाही. मी नवी होते. जनावरांचा डॉक्टर बाई असू शकते, हे इथे कुणाच्या पचनी पडलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात मी चुकले हे स्टँडवर कळलं असतं, तर तुम्ही पुन्हा माझ्याकडे जनावर आणलं असतं? खरं सांगा.

एकदा मी विचारलं, "अण्णा, असं का सांगता?" ते म्हणाले, "मी सांगितलं तर एक घोडी बरी हुईल. तुम्ही सांगितलं तर समदे ऐकतील."

तुम्ही ऐकलंत. पण ऐकलंत ते अण्णांचं. माझ्या तोंडून ऐकलंत, एवढंच. काकू, हे मी तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगते आहे. यापुढे घोडीची गोष्ट सांगाल तेव्हा नाव अण्णांचं घ्या. आणि दवाखान्यात घोडं आणाल तेव्हा तांगा भरून आणा. मी बाहेर रस्त्यावर येऊन तपासेन.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं उभं राहू. पण बाहेर उन्हात सात-आठ तांगे जुंपलेलेच आहेत. ज्यांचे आहेत त्यांनी आधी जाऊन जनावरं सोडा, सावलीत बांधा. घाई करू नका. शेवटचा माणूस आत आला की मौन सुरू करू. तोवर आम्ही थांबतो.