पदरावरचं घर

(गोडादऱ्यातला उखा सरांचा चित्रवर्ग. मुलं घरी गेली आहेत. त्यांची जुनी विद्यार्थिनी अनुसया आता पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढते.)

अनुसया : साडीच्या पदरावरचं चित्र कसं आहे ते सांगा ना, सर.

उखा सर : चांगलं आहे. पडलेल्या घरात ती बाई चूल शोधते, तिचा हात तर फार छान उतरलाय. पण तुमच्या मिलच्या सेठनं तुला लढाईची साडी म्हणून नुसती विमानं काढायला सांगितली होती.

अनुसया : काढली की! अख्ख्या साडीभर. बॉम्ब कुठं पडला, ते पदरावर दाखवलं.

उखा सर : त्याला न विचारता?

अनुसया : तो कुणाला विचारतो? लढाई सुरू झाल्यापासून रविवारची सुटी बंद. मागितली की म्हणतो, 'देशद्रोही छे के शुं?' आमच्या मिलमधल्या दिपालीला चक्कर आली, तर पाणी मारून पुन्हा मशीनवर उभी केली. तोंडानं बोलले असते तर त्याच दिवशी बाहेर. म्हणून काढलं.

उखा सर : आणि त्यानं बघितलं नाही?

अनुसया : नमुना घडी घालून जातो ना! पदर आत. सेठ वरूनच बघून म्हणाला, 'एक नंबर!' मला हसू आवरेना. बाजारात दुकानदारानं साडी उलगडली, तेव्हा कळलं त्याला.

उखा सर : छापण्याआधी पदर कोण तपासतं?

अनुसया : चिंधाकाका, आमचे कलर मास्तर. त्यांनी बघितलं होतं, सर. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गुपचूप मशीन चालू केलं.

उखा सर : चिंधा आज माझ्याकडे येऊन गेला.

अनुसया : आज? त्यांची तर पाळी आहे.

उखा सर : नाही बेटा. सेठनं विचारलं, चूक कुणाची? हा म्हणाला, माझी. भलतंच डिझाइन चढवलं मी.

अनुसया : अरे देवा! मला सेठला झोंबवायचं होतं, सर. काकांना कशाला?

उखा सर : झोंबलंच त्याला. मग त्यानं हाताला लागला त्याला काढलं.

अनुसया : मी जाऊन खरं सांगते. काकांना परत घेतील?

उखा सर : वाटत नाही. तुलाही काढेल. तुला सांगू नका, असं म्हणाला होता चिंधा.

अनुसया : मग का सांगितलंत?

उखा सर : तू पुढंही अशी चित्रं काढशील. काढच. पण तुझं चित्र कुणाच्या नावावर गेलं, ते तुला ठाऊक हवं.

अनुसया : येते मी.

उखा सर : सेठकडे? मी येऊ सोबत?

अनुसया : नको. सेठची भीती नाही, सर. वाटेत काकांचं घर लागतं.