वसंताच्या खोलीत गाणं

आमच्या वसंताची पंचवटीतली खोली म्हणजे नुसती पुस्तकं! गाण्याची बैठक ठरली, की लोकांना बसायला जागा व्हावी म्हणून आम्ही मित्र जमिनीवरचा एकेक गठ्ठा घरी न्यायचो. परत आणायचं नाव कोणी काढत नसे. वसंता चिडायचा, "वाचक आहात की दरोडेखोर?"

ऐंशीच्या आसपास एका पावसाळ्यात गोदावरीचं पाणी थेट त्याच्या खोलीत शिरलं. कपाटातल्या पुस्तकांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर आम्ही आपापले गठ्ठे घेऊन हजर! वसंता एकेक पुस्तक हातात घेऊन बघत राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, "बरं झालं रे, वेळेवर परत केली नाहीत."

मी गठ्ठा खाली ठेवायला वाकलो, तर ओरडला, "ठेवतोस कुठे? शनिवारी गाणं आहे. माणसं बसणार कुठे? उचल!"