आबांनी ‘सोड’ म्हणायचं सोडलं

मंडळी, समोर बसलेल्या आज्या, काक्या, काका, सरपंच आणि हेडमास्तर,

तुम्ही आज दुष्काळी कामावरची हजेरी बुडवून आलात. कुणी डोंगर उतरून आलात, कुणी तान्हं लेकरू काखेत घेऊन आलात. राजूरचा बाजार नसताना या पाराभोवती एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. शाळेत मुलांपुढे बोलायची मला सवय आहे. तुमच्यापुढे नाही. समोर बुधाआबांच्या ठकूआजी बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी आपण कुणीच बसलो नाही. आबांची जागा आपोआप सुटली आहे.

हेडमास्तर म्हणाले, “तू शिकलेली आहेस, तूच बोल.” बुधाआबांना हे ऐकून हसू आलं असतं. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, तेव्हा त्यांना गूळ द्यायला गेले होते. खडा तोंडात टाकून ते म्हणाले, “बी.ए. म्हंजी किती लांब जातंय?” मी म्हटलं, “आबा, तो बाण नाही, परीक्षा आहे.” तर म्हणाले, “मंग बानाला काय परीक्षा नसती व्हय?”

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगते. राग मानू नका. मी इथे रडायला उभी राहिलेली नाही. मला हलकं वाटतंय. गेल्या सोमवारी आबा गेले आणि मला हलकं वाटलं. ही गोष्ट मी मनात ठेवली असती तर ते खोटं झालं असतं.

आठ महिने त्यांचा दम चालला होता. पाठ टेकवता येत नव्हती. भिंतीला बसून झोपायचे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कमठ्याची, आपल्या बांबूच्या धनुष्याची, दोरी एका श्वासात ओढली, त्याला पाण्याचा तांब्या उचलायला तीन श्वास लागत होते. कमठ्याबद्दल ते आम्हाला काय सांगायचे, आठवतंय? काम झालं की दोरी उतरवा. कळकाला दम घेऊ द्या. सोमवारी आजींनी खुंटीवरचा कमठा घेतला आणि दोरी उतरवली. मी तिथेच होते. वाकलेला कळक हळूच सैल झाला. आजी म्हणाल्या, “सुटला गं बाई.” कमठ्याला म्हणाल्या की आबांना, मी विचारलं नाही.

पण माझ्या हलकं वाटण्याला दुसरंही कारण आहे. ते फक्त माझं आहे. आणि आज ते थोडं तुमचंही होणार आहे.

मी अकरा वर्षांची असताना आबांचे बाण वेचायला जायला लागले. ते बांधावर गोवरी उभी करायचे आणि साठ पावलांवरून मारायचे. मी पळत जाऊन बाण आणायची. एके दिवशी मी बाण परत दिलाच नाही. म्हटलं, मला मारू द्या. लोक म्हणाले, “पोरीच्या जातीला कमठा कशाला?” आबा म्हणाले, “कमठ्याला इचारलं, त्यो काय म्हनला न्हाई.” आणि माझ्या हातात दिला.

आबा शिकवायचे कसं, हे इथल्या निम्म्या पुरुषांना माहीत आहे. मागे उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. आपण दोरी ओढली, नेम धरला, की मागून एकच शब्द यायचा. “सोड!” आणि बाण सुटायचा. त्या शब्दावर या गावातल्या दोन पिढ्यांनी बाण सोडले.

आणि मान. ती आठवते ना? आबा मान उजवीकडे पाडायचे, पार खांद्याला गाल टेकेपर्यंत. म्हणून आपण सगळे मान पाडायचो. कोंडाजीकाका, तुम्ही तर इतकी पाडायचात, की काकू म्हणायच्या, “ह्यांची मान दसऱ्याला जी जाती, ती दिवाळीला परत येती.” ती आपल्या गावाची रीत होती. खालच्या वाडीची माणसं सरळ मानेनं मारतात म्हणून आपण त्यांना हसायचो.

मीही मान पाडली. सहा वर्षं पाडली. माझे बाण डावीकडे जायचे. मला वाटायचं, माझीच मान अजून पुरेशी पडत नाही.

मग मी संगमनेरला कॉलेजात गेले. सुट्टीत घरी आले की एकटीच माळावर जायची. एकदा मान इतकी दुखली की म्हटलं, आज सरळच ठेवू. मान सरळ ठेवली. माझे हात लांब आहेत, म्हणून दोरी छातीशी न थांबवता गालाच्या हाडापर्यंत ओढली. घाई केली नाही. श्वास बाहेर जाऊ दिला. आणि आतून कुठूनतरी वाटलं, आता. बाण गोवरीत बसला. दुसरा बसला. तिसरा बसला. मी माळावर एकटी उभी होते आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्या वर्षी दसऱ्याला सगळं गाव बाण मारायला जमलं, तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मी मान सरळ ठेवून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, “हिची मान कालिजात ऱ्हायली.” मी दोरी ओढली. आबा मागून म्हणाले, “सोड!” मी सोडला नाही. पुन्हा म्हणाले, “सोड!” मी सोडला नाही. माझा श्वास अजून गेला नव्हता. मग माझ्या वेळेला मी बाण सोडला. गोवरीचे दोन तुकडे झाले.

मी मागे वळले. आबा उठून घराकडे चालले होते.

कोंडाजीकाका, तुम्ही तेव्हा म्हणालात, “घ्या! बुधाला शिकवाया लागली.” तुम्ही गमतीनं म्हणालात. मला ते दोन वर्षं टोचत राहिलं. माझे वडील त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, “ज्यानं हातात कमठा दिला, त्याचा शब्द गावापुढं खाली पाडला. पाया पडून ये.” मी गेले. पाया पडले. आबा म्हशीच्या दुधाबद्दल बोलत बसले.

त्यानंतर मी कधीही नेम धरला, आबा मागे असले, तरी “सोड” आलं नाही. बाकीच्यांना म्हणायचे. मला कधीच नाही. मी मुद्दाम दोरी ओढून थांबायची. वाट बघायची. मागे फक्त शांतता. मंडळी, रागावलेल्या माणसाची शांतता कशी असते ते आपल्याला ठाऊक असतं. ही तीच आहे असं मी धरून चालले. शाळेत नोकरी लागली, मुलांना शिकवायला लागले, आणि रोज वाटायचं, स्वतःच्या गुरूचा अपमान करणारी मी कुणाला काय शिकवणार?

मग आबा आजारी पडले. मला भीती वाटायला लागली. ते असेच गेले तर? माझं विचारायचं राहूनच गेलं तर?

गेल्या महिन्यात हिंमत केली. आजी चुलीशी होत्या. आबा भिंतीला टेकले होते. मी म्हटलं, “आबा, माझ्यावरचा राग जाऊ द्या.”

“कंचा राग?”

“दसऱ्याचा. तुम्ही मला ‘सोड’ म्हणायचं सोडलंत.”

आबा म्हणाले, “अगं येडे, ‘सोड’ म्या कुनाला म्हनतो? ज्याला कवा सोडायचं ते कळत न्हाई, त्याला. तुला कळलं. मंग म्या गप ऱ्हायलो. आता काय, मास्तरनीच्या मागं उभं राहून वराडू?”

मी म्हटलं, “मग त्या दिवशी उठून का गेलात?”

“तंबाखूची डबी घरी ऱ्हायली हुती.”

दोन वर्षं, मंडळी! दोन वर्षं मी झुरले, आणि आबा तंबाखूची डबी आणायला गेले होते! मी हसावं की रडावं या विचारात होते, तोच चुलीपासून ठकूआजी म्हणाल्या, “खोटं नका बोलू मरताना. डबी कमरंलाच हुती. घरात येऊन डोळं पुसत बसला हुता. म्या म्हनलं, काय झालं? तर म्हने, एकीला आलं. एकीला तरी आलं.”

आजी, तुम्ही ते बोलला नसतात तर मी आज इथे उभी राहू शकले नसते.

आता तुमच्या वाट्याचं सांगते. आबा म्हणाले, “मान सरळ केलीस ते बेस केलंस. माझी का वाकडी, ठावं हाय का? मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई. ल्हानपनापासनं. डावा डोळा बानावर आनायचा तर मान पाडावीच लागती.” मी म्हटलं, “आबा, सगळं गाव मान पाडतं!” ते म्हणाले, “व्हय? मला वाटायचं, ह्या समद्यांच्या माना दुखत्यात. म्हनलं, कशाला इचारा, बिचारे लाजतील.”

हसा. हसा, कोंडाजीकाका. आबांनीच सांगितलंय. म्हणाले, “म्या गेल्यावर सांग. जित्तेपनी सांगितलंस तर समदे हसतील, अन् मला संगं हसाया दम पुरायचा न्हाई.”

मी वर्गात मुलांना माझं अक्षर गिरवायला द्यायची. हुबेहूब काढलं की शाबासकी. आता पाटी पुसताना थांबते. बघते, यातलं याचं स्वतःचं कुठलं आहे? मला अजून नीट ओळखता येत नाही. आबा नुसते मागे उभे राहून ओळखायचे. त्यांच्यासारखं गप्प राहायला मला जमायला हवं. बोलण्यापेक्षा ते कठीण आहे.

शेवटी आपण आबांसाठी शांत उभे राहू. दरवेळी शांतता झाली की हेडमास्तर “बसा” म्हणतात आणि आपण बसतो. हेडमास्तर, माझी विनंती आहे, आज म्हणू नका. कुणीच म्हणू नका. प्रत्येकानं आपापल्या श्वासानं उभं राहावं. आतून वाटलं, की बसावं. कुणी लवकर बसेल, कुणाला वेळ लागेल. शेजाऱ्याकडे बघायचं नाही.

आणि मान सरळ ठेवा.

आबा, मागे उभे राहा.