पाण्यातली तागडी

माझे दोस्त सोपानराव यांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला, फोटो काढला की लगेच दाखवणारा. पालीचं धरण भरलं तेव्हा ते अन् मी दोघंच बघायला गेलतो. बायकोला धरणावर न्यायचं दरवर्षी कबूल करायचो, अन् दरवर्षी तिला किराणा दुकानावर बसवून जायचो. त्या दिवशी माझ्या जुन्या कॅमेऱ्यात चुकून वापरलेलाच रोल परत भरला, अन् जुन्या फोटोंवर नवे फोटो उमटले. धुऊन आला, तर आधी दुकानात टिपलेली बायको हातात तागडी घेऊन धरणाच्या पाण्यावर धुक्यासारखी तरंगतेय!

सोपानराव हसले, "शेठ, डिजिटलमध्ये असं होत न्हाई."

बायकोनं फोटो हातात घेतला अन् हळूच म्हणाली, "फोटोत का व्हईना, धरणावर नेलंत, तवा तरी दुकान बंद ठेवायचं की!"