कोटी भागांतला एक

बातमी वाचून राधिकाने सकाळीच आईची बीपीची गोळी बंद करायला लावली होती. आता ती एव्हरशाईन सिटीतल्या औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारे मिठागरवाले दुकानदारीणबाईंशी बोलत होते.

"शत्रुघ्नकाका, गोळी कधीपासून बंद?"

"चार दिस. विष निघालाय ना तिच्यात?"

"काही खोक्यांत नको ते रसायन सापडलं, म्हणून कंपनीने ती परत मागवली."

"किती सापडला?"

"एका ग्रॅमचे कोटी भाग करा. त्यातले दोन-चार. वर्षानुवर्षं रोज पोटात गेलं, तर हजारोंत एखाद्याला कॅन्सर व्हायचा."

"आनि बंद केली तर?"

"आत्ता प्रेशर मोजलं ना? एकशे नव्वद. डोक्यातली शीर याच आठवड्यात फुटू शकते. डॉक्टरांना फोन केलाय. दुसऱ्या कंपनीची गोळी आत्ताच घ्या म्हणालेत."

राधिकाने तिथूनच फोन लावला. "आई, चुकलं माझं. गोळी घे आधी. नवीन खोकं मी आणतेय."

शत्रुघ्नकाका अजून दुकानदारीणबाईंशीच बोलत होते. "बाय, जन्म मिठागरात गेला माझा. मिठाच्या एका खड्याचे शंभर तुकडे करायला सांग, जमनार नाय. कोटी भागांतला एक कोनी पाहिला?"

"यंत्राने."

"यंत्र लावून बसला कोन?"

"असेल कुणीतरी प्रयोगशाळेत."

"माझा तोंडपन त्याने पाहिला नाय. आनि माझ्या गोळीत एवढा बारीक बघत बसलाय!"

शत्रुघ्नकाकांनी नवी गोळी कपाळाला लावली, आणि मग पाण्याचा पेला घेतला.