मळ्यातल्या विहिरीचे त्रैराशिक

ज्याचे अंश सर्व भूतांत वाटले गेले, तरी जो कणभर उणा होत नाही, त्या नारायणाच्या कृपेला प्रथम वंदन. समारंभाचे अध्यक्ष अर्जुनराव, व्यासपीठावरील गुरुजन, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत त्या सत्यशीलाबाई, आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, लेकरांनो!

बाईंनी या गावाच्या शाळेत एकवीस वर्षे गणित शिकवले. अपूर्णांक, प्रमाण, त्रैराशिक. मला मात्र एकाच उदाहरणाविषयी बोलायचे आहे, आणि ते मी चुकवले होते. बाई, हात हलवून मला थांबवू नका. वय एक्याऐंशी झाले. पुन्हा माईक कधी हाती येईल, कोणास ठाऊक?

सात वर्षांपूर्वीचा श्रावण आठवा. आपल्या सप्ताहाचा शेवटचा दिवस. शेजारच्या दोन वस्त्यांत जुलाब-उलट्यांची साथ होती. काल्याचे कीर्तन माझे, आणि महाप्रसादाची जबाबदारीही माझीच. पिण्याचे पाणी मळ्यातल्या विहिरीचे घ्यायचे ठरले. देवळामागच्या आडात आपण नेहमी शंभर ग्रॅम ब्लिचिंग पावडर टाकतो. आड दहा फूट रुंद, विहीर वीस फूट. पाणी दोन्हींत सारखेच, तीन परस खोल. मी पाणी भरणाऱ्या शहादेवला सांगितले, "रुंदी दुप्पट, तर पावडर दुप्पट." दोनशे ग्रॅम पडली. पिंपे भरली.

पंगत बसली. सातशे पाने. श्लोक संपला, पाण्याचे तांबे फिरू लागले, तोच शहादेवकडून पावडरचे माप ऐकून बाई लगबगीने माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "महाराज, पाणी वाढू देऊ नका. पावडर निम्मीच पडलीय."

श्लोक झाल्यावर पंगत अडवणे म्हणजे काय, हे तुम्हांला का सांगायला हवे? तो अन्नाचा अवमान, आणि यजमानाचाही. मी चिडलो. "बाई, वर्गात शिकवा. पंगतीत नको."

शहादेवही म्हणाला, "कावून थांबायचं, बाई? भात निवलाय. दुप्पट रुंद हाय, दुप्पट टाकली की!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. चुलीपाशी छबुबाई भाकरी थापत होत्या. बाईंनी त्यांनाच विचारले, "मावशी, एका गोळ्याची एक भाकरी. तेवढ्याच जाडीची, पण दुप्पट रुंद थापायची, तर गोळे किती घ्याल?"

छबुबाईंनी मानही वर केली नाही. "चार लागतेत, माय. दोनात कशी व्हईल? शहादेव, तू जलमभर नुसता खायलाच बसला का रं?"

मी पंगतीकडे पाहिले. पहिल्या ओळीत एक माउली लेकराच्या ओठाशी तांब्या नेत होती. मी माईक धरून ओरडलो, "पाणी कोणी तोंडाला लावू नका!"

पिंपे ओतून दिली. उरलेली दोनशे ग्रॅम विहिरीत कालवली आणि तासभर थांबलो. सातशे माणसे भरल्या पानांसमोर उन्हात बसून. कोणी पुटपुटले, कोणी उठून गेले. तेव्हा मी माईकवर म्हणालो, "मला शंका आली, म्हणून थांबवले." 'मला' म्हणालो, बरे का! बाई चार हातांवर उभ्या होत्या.

साथ पुढे तिसऱ्या वस्तीत शिरली. आपल्या पंगतीतले एकही लेकरू आजारी पडले नाही. अर्जुनराव, तुम्ही मला शाल घातलीत. 'महाराजांच्या दिव्यदृष्टीने गाव वाचले', हे आपलेच शब्द. मी शाल घेतली. न दिलेले घेणाऱ्याला शास्त्रे काय म्हणतात, हे पन्नास वर्षे कीर्तनातून सांगणारा मी!

पुढे एकदा बाईंना विचारले, "आपण गप्प का राहिलात?"

त्या म्हणाल्या, "पुढच्या साली पुन्हा पंगत थांबवायची वेळ आली, तर लोकांनी तुमचं ऐकलं पाहिजे ना, महाराज."

आता पुढच्या साली त्या इथे नसतील. म्हणून सांगतो. भरल्या पंगतीत एखादी शिकलेली लेक उभी राहून 'थांबा' म्हणाली, तर थांबा. मला विचारायला येऊ नका.

आयोजकांनी बोलू दिले, त्यांचा ऋणी आहे. शब्दांत अधिकउणे झाले असेल, ते आपण पोटात घालावे. सात वर्षांच्या खोट्याची क्षमा मात्र मी बाईंकडे मागतो, तुम्हां सर्वांच्या देखत. बाई, उठून वाकू नका. आजचा नमस्कार माझा आहे.

तो नारायण घरोघरचे पाणी निर्मळ ठेवो, लेकरे सुखरूप ठेवो, आणि सर्वांचे कल्याण करो.