कालचा रंग कुठे गेला?

मुख्याध्यापक साहेब, सगळे सर, सगळ्या बाई, पालक मंडळी, मिलमधली ड्यूटी बदलून आलेले माझे जोडीदार, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

तुम्ही सगळे आलात. आत जागा नाही म्हणून काही जण व्हरांड्यात उभे आहेत, तेही मला दिसताहेत. मुख्याध्यापक साहेबांनी सांगितलं, भामरे, तुम्ही दोन शब्द बोला. आता मी काय बोलू? मी पांडेसरामधल्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये जन्म काढला. तिथं मशीनच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, नाहीतर हातानं खुणा करायच्या. आज ओरडवत नाही आणि खुणा करून भागणार नाही. मध्येच माझा शब्द अडकला तर थोडं थांबा. थांबायची सवय तुम्हाला तिनं लावलेलीच आहे.

तुम्ही तिला भामरे बाई म्हणत होता. घरी ती सुनंदा होती. शाळेत तुमच्याशी चांगलं पुस्तकातलं मराठी बोलायची, आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवला की आमची अहिराणी. पण दोन्हीकडे एक गोष्ट तीच होती. सरळ उत्तर ही बाई कधी देत नसे. मी विचारायचो, सुनंदा, माझं ओळखपत्र कुठंय? ती म्हणायची, "तुमले काय वाटस, कुठं असेल?" अरे, मला ड्यूटीला उशीर होतोय, बाहेर रिक्षा उभी आहे, आणि ही माझी परीक्षा घेतेय. मी चिडायचो. चिडत चिडत शोधायचो. सापडायचं. मग ती भाकरी थापता थापता हसायची, आणि तिचं हसणं बघून मी आणखी चिडायचो.

तुम्हीही चिडत होता की नाही, पोरांनो? खरं सांगा. आज रागावायला ती नाही.

हे टेबलावरचं खोकं तुम्ही सगळे ओळखता. साडीचं खोकं आहे. आपल्या सुरतेत घराघरात साडीची खोकी पडलेली असतात, पण या खोक्यात साडी कधीच नव्हती. यात वर्गाचे मोबाईल आहेत. कोणाची काच तडकलेली, कोणाचं बटण रबर लावून बसवलेलं, कोणाचा आवाज कानाला लावला तरच ऐकू येतो. तिनं ते गल्लीतून मागून आणले होते. ज्यानं नवा घेतला त्याच्या दारात ही उभी. भाऊ, जुना काय करणार? माझ्या वर्गाला द्या. मला लाज वाटायची. तिला वाटत नसे.

त्या मोबाईलमध्ये ती रोज एक प्रश्न बोलून ठेवायची. नुसता प्रश्न. वर्गात पोरांचे गट, प्रत्येक गटाला एक मोबाईल. प्रश्न ऐकायचा, मोबाईलमध्ये शोधायचं, पुस्तकात बघायचं, एकमेकांशी भांडायचं, आणि मग आपलं उत्तर आपल्या आवाजात त्यातच बोलून ठेवायचं. बाईंना विचारायचं ते सगळ्यात शेवटी. ती मागच्या बाकावर बसून राहायची. फळ्याकडे जायचीच नाही म्हणा ना.

सुरुवातीला गल्लीत काय काय बोलणं झालं ते मला ठाऊक आहे. बाई मोबाईल देऊन बसतात, शिकवत काही नाहीत. पगार कशाचा घेतात? मिलमध्ये लोक मलाच ऐकवायचे. एक जण तर तावातावानं शाळेत आला होता. तो आज इथं बसलाय, नाव घेत नाही, त्यानं मान खाली घालू नये. तो म्हणाला, बाई, माझं पोरगं सांगतं तुम्ही फक्त विचारता. तिनं त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या मुलाचं उत्तर लावून मोबाईल त्याच्या हातात दिला. कापडानं रंग धरावा म्हणून मिलमध्ये काय करतात, ते पोरगं सांगत होतं. आपल्या बापाचं काम सांगत होतं. त्या माणसानं मोबाईल कानाला लावला आणि फोनवर बोलतात तसं "हां बेटा, हां" म्हणत राहिला. दिवाळीनंतर त्यानं स्वतःचा जुना मोबाईल आणून दिला. तोही यातच आहे.

आता माझं काम सांगतो. या सगळ्या कारभारात माझं काम एवढंच होतं, की मोबाईल चार्जिंगला लावायचे. वर्गातल्या एकाच प्लगवर सगळे कसे लागणार? म्हणून ती खोकं रोज घरी आणायची. मी ड्यूटीवरून यायचो, हात धुवायचो, आणि ओट्यावर, टीव्हीजवळ, पलंगाच्या कडेला वायरी पसरून बसायचो. ती एकेक मोबाईल घेऊन पोरांची उत्तरं ऐकायची. आमचं घर दोन खोल्यांचं. मुलगी लग्न होऊन नंदुरबारला गेली तेव्हा मला वाटलं होतं की घर आता मुकं झालं. कुठलं मुकं? रोज संध्याकाळी तुम्ही सगळे आमच्या घरात बडबडत असायचात. मी तुमच्यातल्या निम्म्यांना चेहऱ्यानं ओळखत नाही. पण आवाज ऐकला की सांगीन, हा कोण आणि ही कोण.

आणि मग ती उद्याचा प्रश्न बोलायला बसायची. त्या वेळी मला हलायची मनाई. भांडं वाजवायचं नाही, खोकायचं नाही. माझा आवाज मिलचा. मी हळू बोललो तरी तिच्या प्रश्नात घुसायचो. कितीदा तिला पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं. तिची एक रीत होती, तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न विचारून झाला की ती लगेच बंद करत नसे. तशीच चालू ठेवून गप्प बसून राहायची. मी एकदा म्हटलं, प्रश्न तर संपला, आता फुकट का चालू ठेवतेस? ती म्हणाली, "विचारलं आणि लगेच निघून गेलं तर पोरांना वाटतं, बाईंना उत्तर नकोच आहे. कोणी थांबलंय असं वाटलं की माणूस विचार करतो." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. बॅटरी जळते एवढंच मला कळत होतं.

मग तिचं दुखणं सुरू झालं. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा दाखल केलं तेव्हा रजेचा निरोप मी शिपायाकडे दिला, आणि तो वर ऑफिसात पोचलाच नाही. आता गंमत ऐका. साहेब, राग मानू नका. वर्ग आपला चालू. पोरांनी खोकं माझ्याकडून नेलं, आदल्या संध्याकाळी तिनं बोलून ठेवलेला प्रश्न घेतला, गट केले, भांडले, उत्तरं बोलून ठेवली, हजेरीसुद्धा घेतली. साहेब व्हरांड्यातून जाता-येता बघत होते. वर्ग शिस्तीत बसलाय, बाई मागे बसल्या असतील. बाई सिव्हिलच्या खाटेवर, हाताला सलाईन. बाई वर्गात नाहीत हे वर्गाबाहेर कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मी तिला हे सांगितलं. वाटलं, खूश होईल. खूश झालीच. पोटाला टाके होते तरी हसली. मला म्हणाली, बघा, म्हणजे जमलं. आणि थोड्या वेळानं तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी विचारलं, काय झालं? मग म्हणाली, "कोणीच विचारलं नाही हो, बाई कुठं आहेत म्हणून?"

पोरांनो, तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला असं एकट्यानं चालता यावं म्हणून तर तिनं सगळा खटाटोप केला. पण जिनं तो केला, तिला त्या भिंतीकडे बघून एकटं वाटलं. दोन्ही खरं आहे. मी तिथं स्टुलावर बसलो होतो. आज मला कळतं तिला कसं वाटलं असेल. कारण आता मीही सगळं आपलं आपण करतो. भाजी करतो. गॅसचा नंबर लावतो. ओळखपत्र खिळ्याला असतं, मला सापडतं. सगळं जमतं. आणि जमलं हे सांगायला घरात कोणी नसतं.

दिवसकार्य झालं. मुलगी परत गेली, तिलाही संसार आहे. खोकं माझ्याकडेच राहिलं. मी रोज संध्याकाळी मोबाईल चार्जिंगला लावत होतो. भरलेलेच होते, तरी लावत होतो. आणि तिचे प्रश्न ऐकत होतो. ती विचारायची आणि थांबायची. मी उत्तर द्यायचो, मोठ्यानं. शेजारच्यांना वाटलं असेल, भामरेचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. उत्तर दिलं की पुढं काहीच होत नाही, एवढंच. ती बरोबर म्हणत नाही. तशी ती कधीच म्हणत नसे, पण "बरं, मग पुढं?" असं तरी म्हणायची.

परवा या वर्गातली दिव्या आणि तिची मैत्रीण घरी आल्या. नव्या सरांनी पाठवलं होतं. दिव्यानं एक मोबाईल घेतला, सरांनी दिलेला प्रश्न त्यात बोलून ठेवायला गेली, आणि थांबली. मला अर्ध्या गुजरातीत म्हणाली, "काका, मेमरी फुल छे. बाईंचे जुने प्रश्न काढावे लागतील. काढू?"

मी तिला म्हटलं, सभेच्या दिवशी खोकं घेऊन येतो, तेव्हा सांगतो. ती बिचारी तशीच परत गेली. आणि तेव्हापासून मला झोप नाही. जावई म्हणाले, बाबा, पेनड्राइव्हमध्ये भरून देतो, घरी लावून ऐकत बसा. मी हो म्हटलं. मग नको म्हटलं. मला माहीत आहे काय होईल. मी रोज बसेन, ती रोज विचारेल, आणि मी त्या खोलीत बसून राहीन. आणि तुम्ही म्हणाल पुसू नका, म्हणून सांगतो, ती स्वतः जुने प्रश्न ठेवत नसे. पोरांनी उत्तर शोधलं की ती तो प्रश्न काढून टाकायची. मी हळहळायचो, इतकी मेहनत करतेस आणि पुसतेस. ती म्हणायची, उद्याला जागा नको का? दुखण्यात तिचं पुसायचं राहून गेलं, तेच हे प्रश्न.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. दिव्या, काढ. सगळे काढ. नवे सर, तुम्ही तुमच्या आवाजात विचारा. फक्त विचारून लगेच बंद करू नका, एवढं माझं ऐका.

आणि एक मागणं आहे. कळलंय मला, की वर्गात आता नवीन प्लग बसवले आहेत. सगळे मोबाईल इथंच चार्ज होतील, न्यायची-आणायची गरज नाही. तरी पण खोकं संध्याकाळी माझ्याकडे येऊ द्या. कोणीही आणा, ज्याचं घर वाटेवर असेल त्यानं. मी लावून ठेवीन, सकाळी घेऊन जा. तुमची उत्तरं मी ऐकली तर चालेल ना? मी चुका काढणार नाही. मला नुसते आवाज हवेत घरात. हे सांगायला लाज वाटत होती, पण मागायला लाजायचं नाही हे मी तिच्याकडूनच शिकलोय.

आता शेवटचं. अशा सभेत शेवटी उभं राहून शांत राहायचं असतं. आपण राहू. पण वेळ मी घड्याळावर मोजणार नाही. तिचा एक प्रश्न मी अजून ठेवलाय, पहिल्यांदा दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळचा. तेव्हा मी ड्यूटीवरून आलो होतो आणि माझी नखं निळी होती. ती नखांकडे बघत बसली आणि मग बोलायला लागली. आपल्या गल्लीमागच्या नाल्याचं पाणी काल लाल होतं, आज निळं आहे, मग कालचा रंग कुठे गेला? एवढाच प्रश्न आहे. उत्तर मला येत होतं, मी सांगणारही होतो, तिनं डोळ्यांनी दटावलं मला. पोरांनो, तुमची उत्तरं नंतर आम्ही दवाखान्यात मिळून ऐकली. कोणी म्हटलं समुद्रात गेला, कोणी म्हटलं माशांच्या पोटात. एकानं सांगितलं, पप्पांच्या नखात राहिला. ते तिनं दोनदा लावायला सांगितलं.

तर दिव्या तो प्रश्न आता लावेल. प्रश्न झाल्यावर ती म्हणते, घाई करू नका, मी आहे इथंच. आणि गप्प बसते. पण बंद करत नाही. नीट ऐकलं तर तिचा श्वास ऐकू येतो. आमच्या पंख्याची करकर आहे, लांब मिलचा भोंगा आहे. आपण तेवढा वेळ तिच्याबरोबर गप्प उभं राहू. आणि सगळ्यात शेवटी माझा आवाज आहे. मला वाटलं होतं तिचं संपलं, म्हणून मी आतून विचारलं, "सुनंदा, चहा ठेवू का?" तिथं ते बंद होतं. तिथं आपली शांतता संपली असं समजा. त्यावर ती काय म्हणाली, ते त्यात नाही.

मग दिव्या, तोही काढून टाक बाळा.

उभे राहा सगळे. लाव.